ऑनलाइन सीईटी, जेईई, नीट कोर्स निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहावीचा निकाल लागला की "सर, कोणता ऑनलाइन कोर्स घेऊ?" हे विचारणारे फोन आणि मेसेज सुरू होतात आणि बारावीच्या परीक्षेपर्यंत थांबत नाहीत. मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. पालक आणि विद्यार्थी पुन्हा पुन्हा जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. कुठल्याही ॲपचं किंवा क्लासचं नाव सुचवलेलं नाही, कारण शिक्षक एका ॲपवरून दुसऱ्यावर जातात आणि गेल्या वर्षीची चांगली बॅच यंदा चांगली राहीलच असं नसतं. तपासून कसं घ्यायचं ते मात्र सांगता येतं.

१. परीक्षा कोणती द्यायची हेच अजून ठरलेलं नाही. तोवर एखादा कोर्स घेऊन ठेवला तर चालेल का?

नका घेऊ. आधी परीक्षा, मग कोर्स. राज्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या बहुतेक जागा एमएचटी-सीईटीच्या पर्सेंटाइलवर (अर्थ प्रश्न २१ मध्ये) भरतात. पुण्याचं सीओईपी, माटुंग्याचं व्हीजेटीआय आणि आयसीटी हीसुद्धा त्यातच येतात. बी.फार्म.लाही सीईटी चालते. नागपूरचं व्हीएनआयटी किंवा पुणे-नागपूरची ट्रिपल आयटी हवी असेल तर जेईई मेन लागते. आयआयटीसाठी मेननंतर ॲडव्हान्स्ड. एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस यांना नीटशिवाय वाट नाही.

एका कागदावर मुलाला खरोखर जावंसं वाटतं अशी चार-पाच कॉलेजं आणि शाखा लिहून काढा. मग सीईटी सेलच्या, म्हणजे ही परीक्षा घेणाऱ्या राज्याच्या कार्यालयाच्या, संकेतस्थळावर मागच्या वर्षीच्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) राउंडचे कटऑफ बघा. निम्म्या घरांचा गोंधळ या एका कागदावर मिटतो, कारण सगळी कॉलेजं एकाच परीक्षेच्या रांगेत निघतात.

२. तिन्ही परीक्षांचे पेपर एकमेकांपासून किती वेगळे आहेत?

बरेच. वेळ तिन्हींना तीन तासांचा, पण त्या तीन तासांत करायचं काम वेगळं.

सीईटीच्या पीसीएम गटात भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे ५०-५० प्रश्न, प्रत्येकी १ गुण. त्या १०० प्रश्नांना मिळून ९० मिनिटं. मग गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, पुन्हा ९० मिनिटं. एकूण २०० गुण. पीसीबी गटात गणिताच्या जागी जीवशास्त्राचे १०० प्रश्न. निगेटिव्ह मार्किंग नाही. साधारण २० टक्के प्रश्न अकरावीचे, ८० टक्के बारावीचे. संगणकावर परीक्षा.

जेईई मेनमध्ये २०२५ पासून ७५ प्रश्न आणि ३०० गुण. प्रत्येक विषयाचे २० बहुपर्यायी आणि ५ प्रश्न असे की उत्तराचा आकडा स्वतः टाइप करायचा. बरोबरला ४, चुकीला वजा १. हीही संगणकावर.

नीटमध्ये १८० प्रश्न, ७२० गुण. त्यातला निम्मा भाग जीवशास्त्राचा. निगेटिव्ह मार्किंग जेईईसारखंच. २०२५ ची नीट पूर्वीसारखीच कागदावर झाली, ओएमआरचे गोल भरून.

भागाकार करून पाहा. जेईईत एका प्रश्नाला २ मिनिटं २४ सेकंद मिळतात, नीटला १ मिनिट, सीईटीच्या भौतिक-रसायनात ५४ सेकंद. जेईईच्या सवयीने प्रत्येक प्रश्न मुळापासून सोडवणारा मुलगा सीईटीत हुशार असूनही मागे राहतो तो इथेच.

३. "एकाच कोर्समध्ये जेईई आणि सीईटी दोन्ही कव्हर होतं" असं सांगतात. खरं असतं का?

काही ठिकाणी खरं असतं. पुष्कळदा मात्र जेईईच्याच लेक्चरांवर सीईटीचं लेबल असतं. तपासायची सोपी पद्धत आहे. कोर्समधल्या धड्यांची यादी उघडा आणि राज्य मंडळाच्या बारावीच्या गणितातले चार धडे शोधा: गणितीय तर्कशास्त्र, रेषायुग्म म्हणजे 'पेअर ऑफ स्ट्रेट लाइन्स', लिनिअर प्रोग्रॅमिंग आणि द्विपद वितरण म्हणजे 'बायनॉमियल डिस्ट्रिब्यूशन'. हे जेईई मेनच्या सध्याच्या अभ्यासक्रमात नाहीत. बालभारतीच्या पुस्तकात आहेत. रसायनशास्त्रात 'सॉलिड स्टेट' आणि 'पॉलिमर' शोधा. हे दोन धडे २०२४ मध्ये जेईई मेनमधून वगळले गेले, राज्य मंडळाच्या बारावीला मात्र आहेत.

धडे सापडले, तर प्रत्येकाला किती तासांची लेक्चर्स आहेत आणि सरावाचे प्रश्न किती आहेत ते पाहा. पंचवीस मिनिटांचा एकच व्हिडिओ टाकलेला असेल, तर सीईटीची तयारी तिथे नावापुरती आहे.

उलट बाजूही आहे. सीईटीचे प्रश्न बालभारतीच्या अभ्यासक्रमावर, पण गणिताची काठिण्यपातळी जेईई मेनच्या जवळची आणि जीवशास्त्राची नीटच्या जवळची ठेवली जाते. त्यामुळे नुसत्या पाठ्यपुस्तकाच्या स्वाध्यायावर थांबणारा कोर्सही अपुरा.

४. ठीक आहे, परीक्षा ठरली. आता कोर्स निवडायला सुरुवात कुठून करू?

एक जुना पेपर सोडवण्यापासून. जाहिराती पाहण्याआधी, डेमो ऐकण्याआधी. मागच्या एखाद्या वर्षाचा खरा पेपर घ्यायचा, घड्याळ लावायचं आणि मुलाला एकट्याला बसवायचं. अकरावी नुकतीच संपली असेल तर फक्त अकरावीच्या धड्यांवरचे प्रश्न घ्या.

मग चुकलेल्या आणि सोडलेल्या प्रत्येक प्रश्नासमोर एक अक्षर लिहायचं. 'क' म्हणजे कल्पनाच कळली नव्हती. 'ग' म्हणजे येत होतं, पण गणनेत किंवा वाचण्यात घसरलं. 'व' म्हणजे वेळ उरला नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या भौतिकशास्त्राच्या पेपरात ५० पैकी २३ बरोबर होते. घरचे म्हणत होते, याचं फिजिक्स कच्चं आहे, मोठा कोर्स लावू. उरलेल्या २७ ची वाटणी केली तर 'क' फक्त ७ निघाले. ९ ठिकाणी सेंटिमीटरचे मीटर न करणं, कोन अंशांत की रेडियनमध्ये हे न पाहणं असल्या चुका. ११ प्रश्नांपर्यंत तो पोचलाच नव्हता, आणि सीईटीत निगेटिव्ह नसूनही ते कोरे सोडले होते. त्याला शंभर तासांची लेक्चर्स कशाला हवीत? त्याला वेळ लावून पेपर सोडवायची सवय हवी होती. त्याने साधी टेस्ट सिरीज घेतली.

तर 'क' जास्त असतील तर शिकवणारा पूर्ण कोर्स, 'ग' आणि 'व' जास्त असतील तर टेस्ट सिरीज आणि विश्लेषण, आणि 'क' एखाद्याच विषयात साचले असतील तर त्या एकाच विषयाचा कोर्स. सगळ्या विषयांचं पॅकेज "तेवढ्याच पैशात पडतं" म्हणून घेऊ नका. न पाहिलेली लेक्चर्स मुलाच्या डोक्यावर ओझं होऊन बसतात.

५. लाइव्ह बॅच चांगली की रेकॉर्डेड?

ज्या मुलाला कोणी विचारल्याशिवाय अभ्यासाला बसणं जमत नाही, त्याला लाइव्ह. ज्याचं कॉलेज लांब आहे, बस-लोकलमध्ये वेळ जातो आणि जो स्वतःहून वही उघडतो, त्याला रेकॉर्डेड. लाइव्हमध्ये हजारो मुलं बसलेली असतात आणि चॅट इतकं पळतं की शिक्षकांना एखादाच प्रश्न दिसतो, तेव्हा 'लाइव्ह' म्हणजे लगेच शंका विचारता येते असं धरून चालू नका. लाइव्ह चुकलं तर त्याच दिवशी रेकॉर्डिंग मिळतं का आणि ते परीक्षेच्या दिवसापर्यंत राहतं का, हे मात्र नक्की विचारा. काही कोर्सची मुदत मार्चमध्येच संपते आणि सीईटी त्यानंतर असते.

६. डेमो लेक्चरमध्ये नेमकं काय पाहायचं? सगळीच छान वाटतात.

डेमो म्हणून दाखवतात ते त्यांचं सर्वांत सजवलेलं लेक्चर असतं. ते पाहू नका. बॅचच्या मधल्या एखाद्या कंटाळवाण्या धड्याचं लेक्चर मागा: भौतिकशास्त्रात 'रोटेशनल डायनॅमिक्स', रसायनशास्त्रात 'आयॉनिक इक्विलिब्रिया'. नाही म्हणाले तर तेही एक उत्तरच समजा.

ते लेक्चर पाहताना मुलाच्या हातात पेन द्या. शिक्षक गणित मांडतात तिथे व्हिडिओ थांबवून मुलाने आधी स्वतः सोडवायचं आणि मग पुढे पाहायचं. तासाभराने व्हिडिओ बंद करून त्याच धड्यावरचे दहा प्रश्न जुन्या पेपरांतून द्या. पाच-सहा जमले तर शिकवणं पोचतंय. "सर मस्त शिकवतात" हे मुलाचं मत ऐका, पण निर्णय त्या दहा प्रश्नांवर घ्या.

७. टेस्ट सिरीज चांगली आहे हे कसं ओळखायचं?

या पानावरचं सर्वांत महत्त्वाचं उत्तर हेच, कारण गुण वाढतात ते पेपर देऊन आणि तो तपासून.

पहिली गोष्ट, मॉक म्हणजे सरावाची टेस्ट खऱ्या परीक्षेसारखी चालते का? सीईटीच्या पीसीएम पेपरात आधीची ९० मिनिटं भौतिक-रसायनाचीच असतात. ती संपली की तो भाग बंद होतो आणि गणित उघडतं, मागे जाता येत नाही. ज्या मॉकमध्ये तीन तास तिन्ही विषयांत मोकळेपणाने फिरता येतं, ती मॉक मुलाला चुकीची सवय लावते. नीटची मॉक ओएमआरवर द्यायला हवी. ॲपवरच्या टेस्टमध्ये गोल भरायला वेळ जात नाही. कागदावर १८० गोल भरताना जातो. ॲपवर टेस्ट असली तरी घरी ओएमआरची कोरी शीट छापून तीच भरायला सांगा.

दुसरी गोष्ट, प्रश्न कुठले आहेत? एक टेस्ट उघडून पाच प्रश्न मागच्या वर्षांच्या पेपरांशी ताडून पाहा. सगळे जसेच्या तसे उचललेले असतील तर मुलाचे गुण फुगतात, कारण ते प्रश्न त्याने आधीच पाहिलेले असतात.

तिसरी, उत्तरांचं स्पष्टीकरण. "पर्याय ब बरोबर" एवढंच असेल तर ती नुसती उत्तरसूची झाली. बाकीचे तीन पर्याय का नाहीत हे सांगणारी सिरीज शोधा. आणि स्पष्टीकरणात चुका किती आहेत तेही पाहा. एका टेस्टमध्ये दोन-तीन उत्तरं चुकीची दिलेली असतील तर मुलाचा स्वतःवरचाच विश्वास उडतो.

चौथी, अहवाल. नुसती रँक कामाची नाही. कुठल्या प्रश्नाला किती सेकंद गेले, कुठलं उत्तर बरोबरचं बदलून चूक केलं, हे दिसायला हवं.

एका पूर्ण मॉकमागे तेवढाच वेळ तपासणीला ठेवायचा. तीन तासांचा पेपर, तर तीन तास चुकांच्या वहीला. या वहीत अख्खा प्रश्न उतरवायची गरज नाही. "कपॅसिटर बॅटरीला जोडलेला आहे की बॅटरी काढली आहे, हे वाचलं नाही" अशी एक ओळ पुरते. पुढच्या मॉकच्या आदल्या रात्री तेवढ्या ओळी वाचायच्या.

८. डाउट सॉल्व्हिंगबद्दल सगळेच "चोवीस तास" म्हणतात. तपासू कसं?

कोर्स वापरून पाहायच्या (ट्रायलच्या) काळात खरोखर शंका टाकून पाहा. रात्री साडेनऊला, अवघड प्रश्नाचा फोटो काढून. उत्तर किती वेळात आलं आणि ते माणसाने दिलं की यंत्राने, ते पाहा. यंत्राचं उत्तर वाईटच असतं असं नाही, पण आकृतीवरच्या आणि सेंद्रिय रसायनातल्या प्रश्नांत ते ठामपणे चुकीचं सांगू शकतं. ओळखायची जाण अजून मुलाला आलेली नसते. गावात किंवा कॉलेजात एखादे शिक्षक आठवड्यातून एकदा तासभर शंका घ्यायला तयार असतील, तर ॲपच्या या सोयीसाठी वेगळे पैसे मोजू नका. आम्हा शिक्षकांना विचारलेलं आवडतं. मुलं संकोचतात, तुम्ही पाठवा.

९. पैसे भरायची ऐपत नाही. फुकटात होईल का?

होईल, शिस्त ठेवली तर.

केंद्रीय शिक्षण मंत्रालय आणि आयआयटी कानपूर यांचा 'साथी' हा मंच जेईई आणि नीटसाठी मोफत आहे. एनसीईआरटीची आणि बालभारतीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळांवर मोफत उतरवून घेता येतात. नीटच्या जीवशास्त्राला एनसीईआरटीची ओळ न् ओळ लागते, तिथे कुठलाही महागडा कोर्स त्या पुस्तकाची जागा घेत नाही.

इतर मागासवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या नॉन-क्रीमीलेअर विद्यार्थ्यांनी 'महाज्योती'चं संकेतस्थळ पाहावं. ही नागपूरची शासकीय संस्था जेईई, नीट, सीईटीचं ऑनलाइन प्रशिक्षण मोफत देते, सोबत टॅब आणि इंटरनेट डेटाही. अर्ज दहावीनंतर, अकरावी विज्ञानाला प्रवेश घेतला की करायचा असतो आणि बरेच जण बारावीत जागे होतात. म्हणून जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र दहावीच्या सुट्टीतच काढून ठेवा. अनुसूचित जातींसाठी बार्टी आणि मराठा-कुणबी समाजासाठी सारथी या पुण्यातल्या संस्थांच्या जाहिरातीही पाहत राहा. त्यांच्या योजना वर्षागणिक बदलतात.

यूट्यूबवर शिकवणारे काही शिक्षक खरोखर उत्तम आहेत. अडचण निवडीची होते: एकाच धड्याला सहा शिक्षक पाहिले जातात आणि प्रश्न एकही सुटत नाही. प्रत्येक विषयाला एकच शिक्षक धरा, वर्षभर बदलू नका. थोडे पैसे जमत असतील तर ते फक्त टेस्ट सिरीजवर घाला (प्रश्न ७ पाहा).

१०. मुलगा मराठी माध्यमात शिकला. हिंदी-इंग्रजी मिसळून शिकवणारे कोर्स त्याला झेपतील का?

पहिला महिना जड जातो, मग सरावतो. मात्र पेपर कुठल्या भाषेत द्यायचा हे कोर्स घेण्याआधी ठरवा. जेईई मेन आणि नीट मराठीतून देता येतात. नीटची मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातल्या केंद्रांवर मिळते आणि तिच्यात इंग्रजीही सोबत असतं. सीईटीत भौतिक, रसायन, जीवशास्त्र मराठीतून घेता येतं, पण गणिताचा पेपर फक्त इंग्रजीत. जेईई ॲडव्हान्स्ड इंग्रजी आणि हिंदीत.

अकरावी-बारावी विज्ञान बहुतेक ठिकाणी इंग्रजीतूनच शिकवलं जातं, तेव्हा माझा सल्ला असा: लेक्चर ज्या भाषेत कळतं त्या भाषेत ऐका, वही इंग्रजी संज्ञांनी लिहा आणि पेपर इंग्रजीत द्या. दहावीपर्यंत 'संवेग' आणि 'त्वरण' पाठ असलेल्या मुलाने एका वहीच्या मागच्या पानांवर मोमेंटम, ॲक्सिलरेशन, टॉर्क अशी जोडयादी करावी. दोनेकशे शब्दांत भौतिकशास्त्र भागतं.

११. घरात एकच मोबाइल आहे आणि रेंजही धड नाही. ऑनलाइन कोर्स घ्यावा का?

लाइव्ह घेऊ नका. व्हिडिओ ॲपमध्ये उतरवून ठेवता येतो का आणि कमी दर्जाच्या चित्रात फळ्यावरचं अक्षर वाचता येतं का, हे मोबाइलवरच तपासा. छापील नोट्स आणि प्रश्नसंच पोस्टाने घरी येणारे कोर्स तुमच्यासाठी बरे. सीईटी आणि जेईई संगणकावर होतात, माउसची सवय लागते, म्हणून परीक्षेआधी कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा सायबर कॅफेत बसून चार-पाच तरी मॉक द्याव्यात.

१२. "आमचे इतके विद्यार्थी ९९ पर्सेंटाइलच्या वर" या जाहिरातींवर किती विश्वास ठेवायचा?

दोन प्रश्न विचारा. किती जणांनी प्रवेश घेतला होता त्यांपैकी इतके? आणि फोटोतल्या मुलांनी नेमका कोणता कोर्स घेतला होता? वर्षभराची बॅच केलेला विद्यार्थी आणि शेवटच्या महिन्यात एक मोफत मॉक दिलेला विद्यार्थी एकाच फलकावर शेजारी शेजारी दिसू शकतात.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. यशाची खात्री देणं त्यात बसत नाही. यशस्वी विद्यार्थ्याचा फोटो वापरायचा तर निकालानंतर त्याची लेखी संमती हवी आणि त्याने कोणता कोर्स किती काळ केला, पैसे भरून केला का, हेही सांगायला हवं. ते जाहिरातीत दिसत नसेल तर विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

१३. समुपदेशक रोज फोन करतात, "आज रात्री बारापर्यंतच सवलत" म्हणतात. काय करू?

सवलत परत येते. फोनवर कधीही पैसे भरू नका, ओटीपी सांगू नका. जे तोंडी सांगितलं ते ईमेलवर पाठवा म्हणा: एकूण रक्कम, १८ टक्के जीएसटी त्यात धरला आहे की वर, मुदत, टेस्टची संख्या, परताव्याचे नियम. मुलीला "तुझं स्वप्न नाही का?" असं विचारून आईवडिलांवर दबाव आणणारा फोन आला, तर तो क्रमांक सरळ ब्लॉक करा.

१४. बिनव्याजी हप्ते देतात. त्यात धोका काय?

बहुतेकदा ते हप्ते कोर्सवाल्यांचे नसतात. एखादी वित्तसंस्था तुमच्या नावावर कर्ज काढते, सगळी रक्कम कोर्सवाल्यांना एकदम देते आणि तुम्ही हप्ते त्या वित्तसंस्थेला भरता. मुलाने दोन महिन्यांत कोर्स सोडला किंवा ॲपच बंद पडलं, तरी वित्तसंस्था हप्ते मागत राहते आणि थकले तर वडिलांच्या सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, डाग लागतो. पुढे त्याच वडिलांना शैक्षणिक कर्ज काढायचं असतं, तेव्हा हे आडवं येतं.

सही करण्याआधी कर्जाचं 'की फॅक्ट स्टेटमेंट' मागा. ते देणं बंधनकारक आहे. कर्ज कोणाचं, एकूण परतफेड किती आणि सुरुवातीच्या किती दिवसांत कर्ज मागे घेता येतं, हे त्यात असतं. दर महिन्याला किंवा तिमाहीला थेट फी घेणारा कोर्स मिळत असेल, तर तोच घ्या.

१५. कोर्स मध्येच सोडला तर पैसे परत मिळतात का?

आधी कंपनीचे नियम पाहा. 'सात दिवसांत परत' असेल तर ते दिवस पैसे भरल्यापासून मोजतात की बॅच सुरू झाल्यापासून, हे वाचा. बॅच पंधरा दिवसांनी सुरू होणार असेल तर पहिल्या पद्धतीत ती सवलत कागदावरच राहते.

शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये राज्यांना कोचिंग केंद्रांबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या. पूर्ण फी भरून मध्येच सोडणाऱ्याला उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत द्यावी, असं त्यात आहे. पत्र लिहिताना त्याचा उल्लेख करा. पत्र म्हणजे ईमेल. फोनवरच्या बोलण्याचा पुरावा राहत नाही. तारीख, पावती क्रमांक, किती लेक्चर्स झाली, किती रक्कम मागता, एवढं चार ओळींत लिहा. उत्तर नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. बरीच प्रकरणं तिथेच मिटतात.

त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. "वाद झाल्यास फक्त अमुक शहरातच दावा" असं कलम पाहून घाबरू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही.

१६. आठवीपासूनच फाउंडेशन कोर्स लावावा का?

नको. शाळेचं गणित-विज्ञान नीट येऊ द्या, बीजगणित आणि अपूर्णांक पक्के होऊ द्या. शिक्षण मंत्रालयाच्या वर सांगितलेल्या २०२४ च्या सूचनांतही सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंगला प्रवेश देऊ नये असं म्हटलं आहे.

१७. कोर्स लावल्यावर कॉलेजला जायची गरज आहे का?

आहे. बारावीच्या परीक्षेला बसायला ७५ टक्के हजेरी लागते. शिवाय सीईटीत कितीही पर्सेंटाइल आलं तरी इंजिनिअरिंगच्या कॅपसाठी बारावीला पीसीएममध्ये खुल्या गटाला ४५ टक्के आणि राखीव गटांना ४० टक्के हवेत. एनआयटी आणि आयआयटीला सर्वसाधारण गटासाठी बारावीत ७५ टक्के किंवा आपल्या मंडळात वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असणं लागतं. सीईटीचे ८० टक्के प्रश्न बारावीच्याच पुस्तकातले, तेव्हा कॉलेजचा तास हा तयारीचाच तास आहे. प्रात्यक्षिकं बुडवणाऱ्या मुलांना व्हर्नियरचा साधा प्रश्न अडतो, हे मी दर वर्षी पाहतो.

१८. बारावीची परीक्षा झाल्यावर क्रॅश कोर्स पुरेल का?

शिकलेलं घासून घ्यायला पुरेल, नव्याने शिकायला नाही. क्रॅश कोर्स घेतलाच तर त्यात अकरावीचे धडे आहेत ना ते आधी पाहा, कारण बोर्डाच्या नादात वर्षभर त्यांना कोणी हात लावलेला नसतो आणि सीईटीचा पाचवा हिस्सा तिथून येतो. सीईटीला अकरावीतले मोजकेच धडे असतात. यादी सीईटी सेलच्या संकेतस्थळावरून घ्या.

१९. सर, मी गॅप घेतोय. तोच कोर्स पुन्हा करू की नवा घेऊ?

तू आधी प्रश्न ४ मधली 'क-ग-व'ची वाटणी तुझ्या खऱ्या पेपरवर कर. रिस्पॉन्स शीट, म्हणजे परीक्षेत तू दिलेल्या उत्तरांची नोंद, उतरवून ठेवली असशील तर तीच घे. 'क' कमी असतील तर तीच लेक्चर्स पुन्हा ऐकू नकोस, वेळ जाईल आणि अभ्यास केल्याचा भास होईल. तेवढे धडे शिक आणि उरलेलं वर्ष प्रश्नांवर घाल. एक नियम आधी बघून घे: जेईई ॲडव्हान्स्ड सलग दोनच वर्षं देता येते. बारावीच्या वर्षी आणि त्याच्या पुढच्या. दुसऱ्यांदा गॅपचा विचार असेल तर आयआयटीचं दार बंद झालेलं असतं. आणि दिवसभर घरी एकटा बसू नकोस, वाचनालयात जा.

२०. मी पीसीएमबी घेतलंय. दोन्ही गटांचा कोर्स घेऊ?

सीईटी दोन्ही गटांची देता येते आणि पर्सेंटाइल वेगवेगळं मिळतं. पण नीट आणि जेईई दोन्हींची पूर्ण तयारी एका वेळी फार थोड्यांना जमते. दिवाळीपर्यंत दोन्ही कर, मग मॉकचे गुण समोर ठेवून एक मुख्य ठरव. भौतिक-रसायनाचा कोर्स एकच पुरतो. तिसऱ्या आणि चौथ्या विषयासाठी सुटे विषय मिळतात का ते शोध.

२१. मॉकमध्ये गुण वाढले, पण ॲप दाखवतं ते पर्सेंटाइल खाली आलं. असं कसं?

पर्सेंटाइल म्हणजे तुझ्याइतके किंवा तुझ्याहून कमी गुण मिळवणारे शंभरात किती. टेस्ट देणारा गट बदलला की ते बदलतं. जानेवारीनंतर नुसती गंमत म्हणून टेस्ट देणारी मुलं गळतात आणि गंभीर मुलं उरतात, म्हणून ते घसरतं. खऱ्या सीईटीत पर्सेंटाइल तुझ्या शिफ्टमधल्या मुलांशी तुलना करून काढतात, त्यामुळे पेपर अवघड गेला तर तो सगळ्या शिफ्टला अवघड असतो. ॲपवरच्या आकड्यावरून कॉलेजचा अंदाज बांधू नकोस. बरोबर प्रश्नांची संख्या मोज.

२२. चार महिने झाले, मुलीचे मॉकचे गुण जागचे हलत नाहीत. कोर्स बदलू का?

लगेच नको. आधी शेवटच्या तीन मॉक घेऊन तिच्याशेजारी बसा आणि तिला विचारा, की चुकलेले प्रश्न तिने पुन्हा सोडवले का. बहुतेक वेळा उत्तर "पाहिले" असं येतं, "सोडवले" असं नाही. तसं असेल तर तीन आठवडे नवीन लेक्चर्स थांबवा, जुन्या चुका सोडवून घ्या आणि मग एक मॉक द्या. चुका सोडवूनही गुण तिथेच असतील आणि त्याच दोन-तीन धड्यांत 'क' पुन्हा पुन्हा येत असेल, तर शिकवणं पोचत नाही. तेव्हा तेवढ्या धड्यांपुरता दुसरा शिक्षक शोधा. अख्खा कोर्स बदलायचा तर दिवाळीच्या आत बदला. त्यानंतर नव्या बॅचचा धड्यांचा क्रम जुळत नाही, काही धडे दोनदा होतात आणि काही राहूनच जातात.

आणि हे करताना तिची झोप किती होते तेही पाहा. रात्री दीडपर्यंत रेकॉर्डेड लेक्चर्स आणि सकाळी सातचं कॉलेज, असं चालू असेल तर आधी ते बदला.